निम्मं घरपोच, निम्मं काउंटरवर

दिवाळी अंकांचा संच मागवणाऱ्याची अडचण जुनी आहे. यादीत आठ अंक असतात. त्यातले पाच वसुबारसेच्या आधीच दुकानात येऊन पडलेले असतात, दोन छपाईत अडकलेले असतात आणि एकाचा संपादक अजून संपादकीयच लिहितोय अशी खबर असते. गिऱ्हाईक म्हणतं, आलेले पाच मी आज नेतो, उरलेले तीन आले की घरी पाठवून द्या. ओळखीचा पुस्तकविक्रेता मान डोलावतो, बिलाच्या पाठीमागे तीन नावं लिहितो, त्यांना गोल करतो आणि व्यवहार संपतो.

हेच गिऱ्हाईक वेबसाइटवर गेलं की गोष्ट बदलते. आठ अंक टोपलीत टाकून ते पैसे भरायच्या पानावर येतं, तिथे त्याला विचारलं जातं : घरपोच हवं, की दुकानातून नेणार? ‘थोडं असं, थोडं तसं’ हे उत्तर द्यायला जागाच नसते. लहान दुकानदारांना वेबसाइट थाटून देणाऱ्या तयार सॉफ्टवेअरांत बराच काळ हीच रीत होती. एक टोपली, एक वाट. दोन वाटा हव्या असतील तर दोन ऑर्डरी करा, दोनदा पैसे भरा, दोनदा ओटीपीची वाट पाहा. शिवाय अमुक रकमेच्या वर घरपोच मोफत, अशी जी रेघ असते ती ऑर्डर फोडली की दोन्हीकडे हुकते. अलीकडे मोठ्या साखळी दुकानांनी आणि काही सॉफ्टवेअरवाल्यांनी एकाच ऑर्डरीत दोन्ही द्यायला सुरुवात केली आहे. पडद्यावर ती दोन बटणांची करामत दिसते. जे काम पुस्तकविक्रेता बिलाच्या पाठीवर पेनाने करतो, त्याला शेकडो दुकानांच्या साखळीला इतकी वर्षं का लागली, हा या लेखाचा विषय आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळी गाडी दोन ठिकाणी अडते. दुकानाच्या फडताळावर या घडीला काय आहे हे दुकानालाच नीट ठाऊक नसतं, हे पहिलं ठिकाण. आणि माल हुडकून, उचलून घरापर्यंत नेण्याची मेहनत कुणी करायची यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात कायमची ओढाताण चाललेली असते, हे दुसरं.

•

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते जास्त जुनं आहे. एके काळी दुकान म्हणजे काउंटर, त्यामागे वाणी आणि त्यामागे डबे. माल हुडकायचं, मोजायचं, बांधायचं काम वाण्याचं. अमेरिकेत मेंफिस शहरात १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान काढलं आणि ते काम गिऱ्हाइकावर टाकलं. टोपली घ्या, रांगांमधून फिरा, हवं ते उचला आणि दारापाशी पैसे द्या. पगारी माणसांची मेहनत वाचली आणि भाव उतरले. पुढे जगभरचे सुपरमार्केट या एका कल्पनेवर उभे राहिले. मालाची निवड आणि वाहतूक अशी दोन्ही कामं गिऱ्हाईक फुकट करत होतं, आणि हौसेने करत होतं.

ऑनलाइन विक्रीने ही दोन्ही कामं परत दुकानदाराच्या गळ्यात टाकली. गोडाऊनमध्ये माल हुडकायला माणूस हवा, बांधायला माणूस हवा, जिने चढायला माणूस हवा. ‘दुकानातून घेऊन जा’ ही सोय म्हणजे यातलं निम्मं काम गिऱ्हाइकाला परत देण्याचा प्रयत्न आहे. हुडकून बांधून आम्ही ठेवतो, वाहून तुम्ही न्या. आणि मिश्र ऑर्डर म्हणजे हीच वाटणी एकाच बिलात वस्तूगणिक वेगळी करणं.

आपल्याकडच्या माणसाला या वाटणीचं नवल वाटू नये. व्ही. पी. ची (व्हॅल्यू पेएबल पोस्टची) पद्धत हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ मध्ये सुरू केली. पुस्तकं, औषधं, घड्याळं असं काहीबाही मुंबई-पुण्याहून व्ही. पी. ने मागवायचं आणि पैसे भरून ते ‘सोडवायचं’. पोस्टमन घरी आला आणि त्या वेळी पैसे नसले की पार्सल परत पोस्टात, मग आपली पायपीट. माल दारात आणि माल ठाण्यावर यांतला फरक तेव्हापासून रुळलेला आहे. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात तर बिल्टी फाडतानाच विचारतात : गोडाऊन डिलिव्हरी की डोअर डिलिव्हरी? पहिलीत भाडं कमी, पण माल सोडवायला टेम्पो आणि हमाल आपला. दुसरीत सगळं त्यांच्याकडे, आणि त्याचे पैसे वेगळे. एसटीने आलेलं पार्सल डेपोत जाऊन सोडवणारा कोकणी माणूस ‘पिकअप पॉइंट’ या शब्दाने भारावून जाईल असं मला वाटत नाही. त्याच्या भाच्यांनी मुंबईत त्याची आंब्याची पेटी स्टँडवरूनच उचललेली असते.

•

दुकानातून ऑर्डर उचलण्याच्या आजच्या रीतीचा एक जुना नमुना मात्र इंग्लंडमध्ये घडला, आणि तोही इंटरनेट यायच्या आधी. रिचर्ड टॉम्पकिन्स हा गृहस्थ ‘ग्रीन शील्ड स्टॅम्प्स’ चालवायचा. खरेदीवर तिकिटं मिळायची, ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की कॅटलॉगमधली भेटवस्तू घ्यायची. लोक या वस्तू रोख पैसे देऊनही घेतील हे त्याच्या ध्यानात आलं आणि १९७३ मध्ये त्याने ‘आर्गोस’ काढलं. या दुकानात माल मांडलेलाच नसे. टेबलावर जाडजूड कॅटलॉग, छोट्या पेन्सिली आणि चिठ्ठ्या. वस्तूचा क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, पैसे भरायचे आणि बाकावर बसून आपला नंबर पुकारला जायची वाट पाहायची. मागच्या कोठीतून खोकं पुढे येई.

इंग्रजांनी या दुकानाची पुष्कळ थट्टा केली, पण इंटरनेट आल्यावर सगळ्यांत कमी धडपड आर्गोसला करावी लागली. दुकान आधीपासूनच गोडाऊन होतं. फडताळावर हात घालणारं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे कोठीत काय आहे याचा हिशेब बऱ्यापैकी खरा असे. वेबसाइटवर जवळच्या शाखेत वस्तू आहे का ते बघा, राखून ठेवा आणि जाऊन घ्या, एवढं सांगायला त्यांना नवी यंत्रणा फारशी उभारावी लागली नाही. पुढे मोठ्या शाखेतून आसपासच्या लहान शाखांना दिवसातून फेऱ्या घालून माल पोचवण्याची व्यवस्था झाली आणि २०१५ मध्ये त्याच दिवशी घरपोच देण्याची सेवाही. २०१६ मध्ये सेन्सबरीज या किराणा साखळीने आर्गोस विकत घेतलं, साधारण १४० कोटी पौंडांना, आणि त्याचे काउंटर आपल्या सुपरमार्केटांत बसवले. छापील कॅटलॉग २०२० मध्ये बंद झाला. तोवर त्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती छापून झाल्या होत्या.

जॉन लुइस या प्रतिष्ठित साखळीची गोष्ट याच्या उलट, आणि म्हणूनच जास्त शिकवणारी. त्यांनी २००८ मध्ये दुकानातून उचलण्याची सोय दिली, फुकट. लोकांना ती इतकी आवडली की २०१४ च्या नाताळात निम्म्याहून जास्त ऑनलाइन ऑर्डरी अशा उचलल्या गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की तीस पौंडांच्या आतल्या ऑर्डरीला यापुढे दोन पौंड पडतील. तेव्हाचे प्रमुख अँडी स्ट्रीट यांनी कारण लपवलं नाही : एवढ्याशा ऑर्डरीवर हा वाहतुकीचा खर्च परवडत नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेतून हा अन्याय. मी स्वतः चालत येतोय, मग पैसे कसले? पण माल त्या दुकानाच्या फडताळावरचा नसे. तो दूरच्या गोडाऊनमध्ये एकेक करून हुडकला जाई, बांधला जाई, रात्रीच्या ट्रकने दुकानात येई आणि मागच्या खोलीत जागा अडवून गिऱ्हाइकाची वाट पाही. शेवटचे दोन मैल वाचले, बाकी सगळं तसंच.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाहेरून दोन्ही गोष्टी एकसारख्या दिसतात. दुकानातलाच माल उचलून देणं ही एक गोष्ट. गोडाऊनमधला माल दुकानाच्या पत्त्यावर पाठवणं ही दुसरी. पहिलीत तासाभरात वस्तू हातात येऊ शकते. दुसरीत तीन दिवस लागतात आणि दुकान हे फक्त नाका असतं. अमेरिकेत वॉलमार्टने २००७ मध्ये देशभर सुरू केलेली सेवा या दुसऱ्या जातीची होती. तिथल्याच सर्किट सिटी या विद्युत उपकरणांच्या साखळीने मात्र १९९९ पासूनच पहिल्या जातीची सेवा दिली होती, आणि पुढे तर चोवीस मिनिटांत वस्तू तयार नसेल तर चोवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ, अशी हमीही. सर्किट सिटीने २००८ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरी जाहीर केली आणि मार्च २००९ मध्ये शेवटची दुकानं बंद झाली. चांगल्या काउंटरने धंदा वाचतोच असं नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.

टार्गेट या कंपनीने वेगळी पैज लावली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने सात अब्ज डॉलर घालून दुकानंच सुधारायचं ठरवलं. सगळे ॲमेझॉनच्या भीतीने गोडाऊन बांधत असताना हा उलटा प्रकार बघून शेअर त्या दिवशी घसरला. कंपनीचा हिशेब असा होता की गिऱ्हाईक राहतं त्याच्या जवळ आपली दुकानं आहेतच, तर तीच गोडाऊन म्हणून वापरावी. घरपोच जायची खोकीही दुकानाच्या मागच्या खोलीत बांधावी आणि गाडी लावून थांबलेल्या माणसाच्या डिकीतही तिथूनच ठेवावी. गोडाऊनमधून पाठवण्यापेक्षा दुकानातून हाती दिलेल्या ऑर्डरीचा खर्च सुमारे नव्वद टक्के कमी पडतो, असं कंपनीने पुढे सांगितलं. करोनाकाळात या पैजेचं सोनं झालं.

पण दुकानातल्या माणसांच्या बाजूनेही हे पाहायला हवं. त्याच रांगांतून आता दोन प्रकारची माणसं फिरतात : स्वतःसाठी वस्तू शोधणारी गिऱ्हाइकं आणि दुसऱ्यांसाठी वस्तू उचलणारे कर्मचारी, हातात स्कॅनर आणि डोक्यावर मिनिटांचा काटा. साबण कुठे आहे असं विचारलं तर उत्तर द्यायलाही त्यांना फुरसत नाही. २०२५ मध्ये टार्गेटनेच शिकागोत काही दुकानांवरचं खोकी पाठवण्याचं काम काढून घेऊन बघितलं, म्हणजे तिथल्या माणसांना समोरच्या गिऱ्हाइकाकडे लक्ष देता येईल.

•

आता ते पहिलं ठिकाण. ‘सिस्टीममध्ये दाखवतंय, पण रॅकवर नाहीये’ हे वाक्य ऐकलं नसेल असा शहरी माणूस सापडणार नाही.

निकोल डिहोराशियस आणि अनंत रमण या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या साठ्याच्या जवळजवळ तीन लाख सत्तर हजार नोंदी त्यांनी प्रत्यक्ष मोजदादीशी ताडून पाहिल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. दर तीन नोंदींतल्या दोन. आणि ही साखळी हिशेबाच्या बाबतीत ढिसाळ म्हणून ओळखली जाणारी नव्हती.

चुका कशा होतात हे कुठल्याही दुकानात अर्धा तास उभं राहिलं तर दिसतं. दोन रंगांचे शर्ट असतील तर काउंटरवरचा मुलगा एकच दोनदा स्कॅन करतो. पैसे बरोबर येतात, साठा दोन्हीकडे चुकतो. ट्रायल रूममधली जीन्स भलत्या ढिगात जाऊन पडते. फुटलेली बाटली फेकली जाते, नोंद राहते. कुणी चोरतं. आलेल्या खोक्यात बारा सांगितलेले असतात, निघतात अकरा. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला याने फरक पडत नाही. त्याला वस्तू दिसली तर तो घेतो. पण दहा किलोमीटरवरून पडद्यावर बघणाऱ्याला नोंद हेच दुकान असतं.

म्हणून साखळ्या खोटं नाही, पण सावध बोलतात. एखादी वस्तू एक-दोनच उरली असेल तर वेबसाइटवर ती नाहीच असं दाखवायचं. याला ते राखीव साठा म्हणतात. परिणाम असा की माल असून विकला जात नाही. दुसरा इलाज म्हणजे नोंदच सुधारायची. कपड्याच्या लेबलात रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप बसवायची, म्हणजे हातातलं यंत्र फिरवलं की अख्ख्या फडताळाची मोजदाद मिनिटांत होते. झारा चालवणाऱ्या इंडिटेक्सने हे मोठ्या प्रमाणावर केलं. डेकॅथलॉनने आपल्या बहुतेक सगळ्या मालावर हे लेबल लावलं आहे. तिथे पैसे देताना टोपलीतले मोजे, टी-शर्ट, पाण्याची बाटली सगळं एकदम एका खोलगट पेटीत टाकायचं आणि पडद्यावर यादी आपोआप उमटते, हे ठाण्या-पुण्याच्या वाचकांनी पाहिलं असेल. लोकांना ती रांग वाचवायची युक्ती वाटते. दुकानाचा मोठा फायदा रात्री, माणसं गेल्यावर, मोजदादीच्या वेळी होतो.

मिश्र ऑर्डरीत ही नोंद दुप्पट महत्त्वाची होते. समजा एका बाईने पुण्यात बसून ऑर्डर केली : स्वतःसाठी बूट कोथरूडच्या दुकानातून नेणार आणि पणजीतल्या बहिणीला मिक्सर घरपोच. सॉफ्टवेअरला त्या क्षणी ठरवायचं असतं की बूट नक्की कोथरूडला आहेत का, मिक्सर कुठल्या गोडाऊनमधून निघेल, की पणजीच्याच शाखेतून पाठवला तर स्वस्त पडेल. दोन वस्तू दोन ठिकाणी राखून ठेवायच्या. बूट मिळाले नाहीत तर काय? अख्खी ऑर्डर रद्द, की मिक्सर जाऊ द्यायचा? बूट दुसऱ्या शाखेतून मागवायचे, तर बाईला तसं कळवायचं कुणी? तिने दोन्ही मिळून दहा टक्के सूट देणारं कूपन लावलेलं असेल तर बुटांचे किती पैसे परत करायचे? पुस्तकविक्रेत्याने नावांना केलेल्या त्या गोलाकारात हे सगळे प्रश्न होते. तो ते फोनवर, ओळखीवर आणि थोड्या पडखाऊपणावर सोडवत होता.

•

सरकारचंही या टोपलीवर लक्ष असतं. जीएसटीत माल कुठे हातात पडला यावर कर कुठल्या राज्याचा ते ठरतं. कोथरूडला उचललेल्या बुटांवर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा असा निम्मा-निम्मा कर. पुण्याच्या गोडाऊनमधून पणजीला गेलेल्या मिक्सरवर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर. बिल पुण्याच्या पत्त्यावर आणि माल गोव्याला, अशा वेळी नोंदणी नसलेल्या सामान्य ग्राहकाच्या बाबतीत माल जिथे पोचतो तोच पत्ता धरायचा, असा खुलासा केंद्राने जून २०२४ मध्ये परिपत्रक काढून केला. आणि मिक्सर पणजीच्या शाखेतूनच निघाला, तर तो गोव्याच्या नोंदणीवरचा स्थानिक व्यवहार. कारण साखळी एकच असली तरी जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी असते. ग्राहकाला एक टोपली दिसते, हिशेबनिसाला दोन बिलं, प्रसंगी दोन राज्यं.

पैशाचंही असंच. अमेरिकेत कार्डावर रक्कम नुसती अडकवून ठेवतात आणि माल निघेल तसतशी वळती करतात. त्यामुळे ऑर्डर दोन तुकड्यांत गेली तरी गोंधळ कमी. आपल्याकडे यूपीआयने पैसे भरले की ते गेले. बूट नाहीत असं दुपारी कळतं, पैसे परत यायला पुढचा आठवडा लागतो. एकदाच रक्कम अडकवायची आणि मग माल मिळेल तसे तुकड्यातुकड्याने पैसे वळते करायचे, अशी सोय यूपीआयवर आणण्याचं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं. त्या वेळी दिलेल्या उदाहरणांत ऑनलाइन खरेदी होतीच. मिश्र ऑर्डरीसाठी याहून चोख व्यवस्था मला सुचत नाही. प्रत्यक्ष दुकानांच्या पैसे भरायच्या पानावर ती सर्रास दिसायला हवी.

आणि एक भांडण घरातलं. सँटियागो गॅलिनो आणि अँटोनियो मोरेनो यांनी २०१४ मध्ये एका अमेरिकी साखळीचा अभ्यास मांडला. दुकानातून उचलायची सोय सुरू झाल्यावर तिची ऑनलाइन विक्री वाढायला हवी होती. ती घटली. दुकानांतली विक्री आणि वर्दळ मात्र वाढली. लोक वेबसाइटवर माल जवळच्या शाखेत असल्याची खात्री करत आणि सरळ दुकानात जाऊन घेत. उचलायला आलेलेही हात हलवत परत जात नसत, आणखी काही घेत. केवळ ऑनलाइन विभागाचे आकडे पाहणाऱ्याने ही सोय तोट्याची म्हणून बंद केली असती. विक्रीचं श्रेय कुणाचं, हा वाद आपल्याकडे फ्रँचायझी दुकानांत अधिक टोकदार होतो. पाटी कंपनीची, माल आणि भाडं दुकानमालकाचं. कंपनीच्या वेबसाइटवर विकलेली वस्तू त्याच्या काउंटरवरून द्यायची, जागा आणि माणूस त्याचा, आणि परत आली तर भांडणही त्याच्याशी. त्याला यात काय मिळणार हे आधी ठरलं नसेल तर गिऱ्हाइकाला काउंटरवर थंडं स्वागत मिळतं. त्याचा दोष मी त्या मालकाला देणार नाही.

•

भारतात दुकानातून उचलण्याच्या सोयीने इंग्लंड-अमेरिकेसारखं मूळ का धरलं नाही? मुंबईतलंच उदाहरण घेऊ. राधाकिशन दमाणींचं डी-मार्ट २००२ मध्ये पवईत सुरू झालं. काटकसरीबद्दल त्यांची ख्याती. ऑनलाइन उतरायची वेळ आली तेव्हाही त्यांनी त्याच शिरस्त्याने विचार केला. ‘डी-मार्ट रेडी’ मुंबईत सुरू झालं ते वस्तीतल्या लहान लहान गाळ्यांतून. ऑर्डर ऑनलाइन करा, जवळच्या गाळ्यातून फुकट उचला. घरी हवं असेल तर वेगळा आकार. कागदावर हिशेब बिनतोड होता. एक टेम्पो एका गाळ्यात शंभर घरांचा माल टाकून जातो, शंभर जिने वाचतात.

पण शहराची सवय निराळी. वाण्याकडे यादी टाकायची आणि पोऱ्या पिशव्या घेऊन वर येणार, हे मध्यमवर्गीय मुंबईकराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. घरपोच सेवा त्याच्या लेखी चैन नव्हतीच कधी. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर पाच किलो आटा स्वतः न्यायचा आणि वर ऑनलाइन ऑर्डर करायची, हे त्याला पटायला कठीण. मग २०२१ नंतर झेप्टो, ब्लिंकिट वगैरे आले आणि दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येऊ लागली. उचलायला जायला तेवढा वेळ तर चपला शोधण्यातच जातो. डी-मार्ट रेडीचा भरही घरपोच देण्याकडे सरकला आणि २०२५ मध्ये त्यांनी पाच शहरांतलं काम थांबवलं. त्यात आपलं बेळगावही होतं.

इंग्लंडमध्ये माणसाची मजुरी महाग म्हणून गिऱ्हाईक चालतं. इथे माणूस स्वस्त म्हणून गिऱ्हाईक बसतं. डिलिव्हरीवाल्या मुलाच्या पाठीवरची ती चौकोनी पेटी हीच आपल्याकडे पिकअप काउंटर न चालण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे. ज्या दिवशी त्याला विमा, ठरलेले तास आणि पोटापुरती मजुरी द्यावी लागेल, त्या दिवशी हा हिशेब फिरेल.

कायद्याचाही यात हात आहे. परदेशी पैशावर चालणाऱ्या बाजारपेठ-छाप कंपन्यांना स्वतःचा माल ठेवून विकायला बंदी आहे, आणि फेब्रुवारी २०१९ पासून ती अधिक कडक झाली. त्यामुळे ॲमेझॉन, फ्लिपकार्टला टार्गेटची वाट मोकळी नाही. ज्यांची स्वतःची दुकानं आहेत ते टाटा, रिलायन्स किंवा एकाच ब्रँडचा माल विकणारे, यांनाच ही सोय नीट देता येते. टाटांच्या क्रोमामध्ये ती आहे. ॲपलने सप्टेंबर २०२० मध्ये भारतात ऑनलाइन विक्री सुरू केली आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला, सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला दुकान उघडलं. ऑनलाइन घेऊन तिथून उचलता येतं. महागडा फोन कुरिअरवाल्याच्या पिशवीत तीन दिवस फिरण्यापेक्षा आपण जाऊन घ्यावा, खोकं समोर उघडावं, असं वाटणारे पुष्कळ आहेत. चष्मा, दागिना, बूट, फोन, म्हणजे जिथे डोळा आणि हात लागतो तिथे भारतीय माणूस खुशाल दुकानात जातो. तांदूळ, साबण, फ्रिज घरी यावा अशी त्याची अपेक्षा असते. म्हणूनच मला वाटतं, नुसत्या पिकअपला इथे फार भविष्य नाही. मिश्र ऑर्डरीला आहे. एकाच टोपलीत अंगठी आणि पंखा असतात, आणि त्यांच्या वाटा मुळातच वेगळ्या.

लहान दुकानदाराला तर ही सोय जास्त लागेल, कारण घरपोच पाठवणं त्याला दिवसेंदिवस महाग पडतंय. छापील पुस्तकांसाठीची टपालखात्याची स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं, पाच किलोच्या पुस्तकांना शंभर रुपये आणि कर. पण नियतकालिकांना त्यात जागा नाही. म्हणजे कादंबरी ज्ञान पोस्टाने जाईल आणि दिवाळी अंकाला स्पीड पोस्ट नाही तर कुरिअर. तीन अंकांसाठी तो खर्च विक्रेत्याच्या कमिशनचा मोठा घास घेतो. पाच अंक गिऱ्हाइकाने स्वतः नेले तर तेवढाच हातभार.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं. अशी दुहेरी ऑर्डर करणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक वस्तूसमोर काय लिहिलंय ते पाहा : ती दुकानात आहे, की दुकानात येणार आहे. घरपोच आकार कुठल्या वस्तूवर लागलाय तेही पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत आकारांसह फोड करून दाखवणं आणि परत घेण्याच्या अटी सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दोन भागांची दोन बिलं मागून घ्या. एक भाग रद्द झाला तर कूपनची सूट कशी वाटली ते विचारा. काउंटरवरची वस्तू समोर उघडून बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.